स्वागताचं पाकीट आणि माझा उजवा हात

पत्रपेटीचा विषय आमच्या घरात मी काढला नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. पुढे जे झालं त्याचं खापर बायकोनं, मेहुण्यानं आणि इमारतीतल्या यच्चयावत मंडळींनी माझ्याच डोक्यावर फोडलं, म्हणून सांगायचं. विषय काढला तो समोरच्या अनुभवींनी.

अनुभवी हे त्यांचं नाव नव्हे. त्यांचा मुलगा आमच्या टिल्लीच्याच विद्यापीठात शिकून बाहेर पडला, आणि तेव्हापासून ते प्रत्येक वाक्य 'अनुभवानं सांगतो' असं सुरू करतात. टिल्लीला प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा ते अभिनंदनाला आले, चहा घेतला, दुसरा कप मागून घेतला आणि म्हणाले, "अनुभवानं सांगतो, प्रवेश काय, कुणालाही मिळतो. स्वागताचं पाकीट धडपणी हातात पडणं, ते अवघड."

टिल्ली म्हणजे आमची मुलगी. लहानपणी एवढीशी होती म्हणून टिल्ली. आता ती माझ्यापेक्षा बोटभर उंच आहे, आणि चारचौघांत या नावानं हाक मारली तर मला ओळख दाखवत नाही.

पाकिटाचं प्रकरण असं होतं. विद्यापीठानं फोनवर निरोप पाठवला होता की नव्या विद्यार्थ्यांची स्वागताची पाकिटं रवाना झाली आहेत. पाकिटात ओळखपत्र, वसतिगृहाच्या खोलीचा कागद, आवाराचा नकाशा आणि एक सांकेतिक क्रमांक. पहिल्या वर्षाला प्रत्येकानं एक सेमिनार घ्यायचा असतो, आणि तो निवडायला हा क्रमांक लागतो. क्रमांकाशिवाय निवड नाही, निवडीशिवाय जागा पक्की नाही. ज्या फोनवर एवढं सगळं कळवलं त्याच फोनवर क्रमांकही कळवता आला असता. पण ज्यांना हे सुचतं ते विद्यापीठ चालवायला जात नसावेत.

"आमच्या चिरंजीवांचं पाकीट पत्रपेटीत मावेना," अनुभवी सांगू लागले. "देणाऱ्यानं दुमडून कोंबलं. ओळखपत्राला चीर गेली. दिसायला केसाएवढी हो, पण दारावरच्या यंत्राला ते चालेना. नवीन मिळेपर्यंत पोरगा ग्रंथालयाच्या दाराशी उभा. कुणी आत शिरलं की त्याच्या पाठोपाठ शिरायचा. आता नोकरीला लागलाय, पण अजून लिफ्टमध्ये एकटा शिरत नाही."

मी कप खाली ठेवला आणि मोजपट्टी शोधायला उठलो.

माझ्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. घरगुती अपघात हे माझं टेबल. म्हणजे माणसं स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातांनी, स्वतःचं काय काय करून घेतात ते मी दिवसभर वाचतो. दिवा बदलायला स्टुलावर चढलेले गृहस्थ. फ्रिजमागं पडलेला चमचा काढायला गेलेल्या बाई. फुगा फुगवता फुगवता... जाऊ द्या, ते प्रकरण अजून चालू आहे. सांगायचा मुद्दा, इतरांना जिथं स्टूल दिसतं तिथं मला दावा दिसतो. बायको म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी म्हणतो, असेना का ब्रह्मराक्षस, पण त्याची वेळेवर नोंद व्हायला नको?

आमच्या जिन्याखालच्या पत्रपेटीचं तोंड मी जाऊन मोजलं. त्यात वीजबिल जेमतेम जातं, तेही तिरकं धरलं तर. डोळ्यांसमोर टिल्ली दिसायला लागली, परक्या गावात, ग्रंथालयाच्या दाराशी, कुणीतरी आत जाण्याची वाट बघत उभी.

मेहुण्याला फोन केला. बायकोचा हा धाकटा भाऊ लोखंडी दारं-खिडक्या बनवतो. माणूस कामाचा पक्का, पण त्याला चहाची गाळणी करायला सांगितली तरी तो तिला कडी आणि बिजागरी लावेल. मी म्हणालो, जरा मोठ्या तोंडाची पेटी हवी. त्यानं ती टेम्पोतून आणली. उतरवायला दोन माणसं लागली. बायको शाळेतून येत होती, तिनं पेटीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यात पाकीट येणार आहे की पोस्टमन?"

आता गंमत बघा. अनुभवी हे आमच्या इमारतीचे सचिवही आहेत. शेजारी म्हणून त्यांनीच माझ्या मनात पेटी भरवली आणि सचिव म्हणून त्यांनीच पेटीवर हरकत घेतली. जिन्याची वाट अडते, अर्ज करा, अर्जाला नकाशा जोडा. मी अर्ज केला, नकाशा जोडला. अर्जावर निर्णय व्हायला बैठक हवी आणि बैठकीची सूचना जिथं लावायची तो फळा पेटीमागं झाकला गेलेला. शेवटी पेटी जिन्याखाली तिरकी ठेवायची असं ठरलं आणि फळा माझ्या दारावर लागला.

पेटी बसली आणि माझ्या मनात नवी शंका आली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्या मनाबद्दलच असावं. तोंड मोठं, म्हणजे हात आत जाणार. हात आत गेला की पाकीट बाहेर येणार. म्हणजे टिल्लीचं ओळखपत्र, टिल्लीची खोली, टिल्लीचा सेमिनार, सगळं एखाद्या भामट्याच्या हातात! मेहुणा खूश झाला. त्यानं पेटीच्या तोंडाच्या आतल्या बाजूला एक झडप बसवली, दातेरी, स्प्रिंगवाली. "दाजी, आत जाईल ते आत जाईल. बाहेर येणं नाही. उंदराच्या पिंजऱ्याचीच युक्ती आहे ही," तो म्हणाला. या वाक्याचा मी तेव्हाच नीट विचार करायला हवा होता.

इकडे टिल्लीच्या बरोबरीच्या मुलामुलींना पाकिटं मिळायला लागली. ती पाकीट हातात धरून फोटो काढायची आणि एकमेकांना पाठवायची. रोज संध्याकाळी मी टिल्लीच्या खांद्यावरून डोकावून ते फोटो बघायचो. पाकीट केवढं, कोपरे दुमडलेत का, शिक्का कुठाय. टिल्ली मात्र शांत. सोफ्यावर आडवी पडून सेमिनारची यादी वाचायची. खरं सांगतो, तिच्या त्या शांतपणाची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. आमच्या टेबलावरचे सगळे दावेदार आदल्या क्षणापर्यंत असेच शांत असतात.

"'पूल का पडतात' हा घे," मी सुचवलं. "चांगला आहे. निदान कुठल्या पुलावर जायचं नाही ते तरी कळेल."

"बाबा, मला 'अनोळखी माणसं' घ्यायचाय."

"काय?"

"सेमिनारचं नाव आहे. अनोळखी माणसं."

मी बायकोकडं बघितलं. ती वह्या तपासत होती. ती गणित शिकवते, आणि उत्तर चुकलं तरी शांत राहायची तिला सवय आहे.

टिल्ली चालायला लागल्यापासून मी तिला एकच गोष्ट शिकवत आलो होतो, अनोळखी माणसांशी बोलायचं नाही. आता विद्यापीठ तिला वर्गात बसवून नेमकं उलटं शिकवणार होतं. "त्यात करतात काय?" मी विचारलं.

"एका टेबलाभोवती दहा-पंधरा जण बसतात आणि बोलतात. परीक्षा नाही. पण प्रत्येकानं बोलायचंच."

"एकमेकांशी?"

"हो."

"ओळखदेख नसताना?"

"अहो बाबा, तोच तर विषय आहे!"

"काय होतंय त्याला?" बायको वहीतून मान वर न करता म्हणाली. "तुम्ही नाही का दिवसभर अनोळखी माणसांची हाडं मोजत बसता?"

त्या संध्याकाळी मी जिना उतरून तीनदा पेटी बघून आलो. आणि एकदा, अगदी एकदाच, मनात आलं, पाकीट आलंच नाही तर? तर जागा पक्की होणार नाही. मग ती जाणार नाही. सोफ्यावर अशीच आडवी पडलेली राहील. हा विचार इतका गोड वाटला की मला माझीच भीती वाटली. मी घाईघाईनं वर आलो आणि प्रायश्चित्त म्हणून विद्यापीठाला 'पाकीट कधी येणार?' असा आणखी एक निरोप पाठवला.

आता हाताचं.

शनिवारची दुपार. बायको शाळेत, टिल्ली ग्रंथालयात पुस्तकं परत करायला गेलेली. मी ऑफिसातून लवकर आलो होतो आणि पेटीची चाचणी घ्यायचं ठरवलं. पाकिटाच्या मापाची एक जुनी फाइल आत टाकली. झकास गेली. आता चोराची बाजू. चाचणी करायची तर मनापासून करावी, म्हणून मी चोराच्या भूमिकेत शिरलो. इकडं तिकडं बघितलं आणि उजवा हात पेटीत घातला. कोपरापर्यंत सहज गेला. फाइल बोटांना लागलीसुद्धा. मग हात बाहेर ओढला आणि झडपेनं तो धरला.

मेहुण्याचं काम पक्कं असतं हे मी सांगितलंच आहे. जेवढा ओढावा तेवढे दाते रुतायचे. मी कळवळलो, मूठ सैल झाली आणि मुठीतलं पेटीच्या किल्ल्यांचं जुडगं पेटीच्या तळाशी जाऊन पडलं. किल्ल्या हातात घेऊन मी चोरी करायला का गेलो होतो, हे मला आजवर कुणालाही पटवून देता आलेलं नाही.

माझी पाचावर धारण बसली. फोन उजव्या खिशात, डावा हात तिथवर पोचेना. ओरडावं तर लाज वाटे. हात काळानिळा पडेल का, पडला तर कितव्या मिनिटाला पडतो, यावरचा एक जुना दावा आठवायला लागला आणि त्याचा शेवट आठवू नये म्हणून मी जिन्याच्या पायऱ्या मोजू लागलो. सगळ्यात वाईट म्हणजे हा दावा माझ्याच टेबलावर आला असता तर मी तो फेटाळला असता.

एवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला आत आला. त्याच्या काखेत एक भलं मोठं पाकीट होतं, आणि त्यावर विद्यापीठाची मुद्रा. एकही कोपरा दुमडलेला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"इकडे! इकडे द्या!" मी ओरडलो.

तो थबकला. आधी माझ्याकडं बघितलं, मग पेटीकडं, मग पेटीत गेलेल्या माझ्या हाताकडं.

"तुम्ही कोण?"

"अहो, पाकीट माझ्या मुलीचं आहे. ही पेटी माझीच आहे."

"मग किल्ली लावून उघडा ना."

"किल्ली आत आहे."

"आणि हात?"

"तोही आत आहे. म्हणजे मी तपासत होतो. चोराचा हात जातो का ते."

तो एक पायरी मागं सरकला. "गेला की," तो म्हणाला.

"सही करतो मी! डाव्या हातानं करतो!"

डाव्या हाताची सही म्हणताच त्याच्या चेहऱ्यावर उरलासुरला विश्वास होता तोही मावळला. "काका, तुम्ही माझ्या जागी असता तर दिलं असतं का?" त्यानं विचारलं. मी दाव्यांच्या विभागात नसतो तर खोटं बोललो असतो. माझा तो एक क्षण विचारात गेला आणि तेवढ्यात स्कूटर सुरू झाली. टिल्लीचं भवितव्य फाटकातून बाहेर पडताना मी बघत होतो, आणि हाताच्या अंतरावर असूनही काही करू शकत नव्हतो, कारण हात दुसरीकडं होता.

मग मात्र मी लाज सोडून बोंब मारली. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्या धावत आल्या, पेटीच्या तोंडात बॅटरी मारली आणि सवयीनं म्हणाल्या, "आ करा." पेटीनं केला नाही, मी केला. मागोमाग अनुभवी खाली आले. "अनुभवानं सांगतो, ओढू नका," ते म्हणाले. या बाबतीत त्यांना अनुभव कुठून, हे विचारण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. डॉक्टरीणबाई हात बधिर करू का विचारत होत्या, अनुभवी पेटीची जागा अर्जातल्या नकाशाप्रमाणे आहे की नाही ते चपलेनं मोजत होते, आणि दवाखान्यातला एक रुग्ण, गालात कापूस घेऊन, जिन्यावर बसून हे सगळं समाधानानं बघत होता. त्याचं दुखणं बरंच कमी झाल्यासारखं दिसत होतं.

अनुभवींनी फोन केल्यावर मेहुणा आला तो कापायचं यंत्र घेऊनच. "हलू नका हं दाजी," म्हणाला. ठिणग्या उडायला लागल्या तशी मी डोळे मिटले. हात सुटला. कोपरापासून मनगटापर्यंत दात्यांची रांगोळी उठली होती. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली आणि पुढचे दोन तास काही खाऊ नका असं सांगितलं. तेही सवयीनंच असावं.

संध्याकाळी टिल्ली फोन बघत म्हणाली, "आई, हे बघ काय आलंय. 'पत्त्यावर संशयास्पद व्यक्ती आढळल्यामुळे पाकीट परत.' आज आपल्याकडे कोण आलं होतं?"

मी पट्टी बांधलेला हात टेबलाखाली नेला. बायकोनं तो जाताना बघितला. मग तिनं टिल्लीकडं बघितलं, टिल्लीनं माझ्याकडं. टिल्ली रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त उठली आणि खोलीत गेली. दार हळू लावलं. ती दार कधी हळू लावत नाही.

सोमवारी विद्यापीठाच्या मदतकक्षाला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला लागली. तिनं गोड आवाजात विचारलं, "पत्त्यावर आढळलेली व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे का?"

इथं मी 'ती व्यक्ती मीच' असं सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण ऑफिसातला फोन, शेजारच्या टेबलावर आमचे साहेब कान टवकारून बसलेले. मी म्हणालो, "हो. म्हणजे... जवळचीच आहे."

"जवळची?" तिच्या आवाजातला गोडवा गेला. "मग हे प्रकरण सुरक्षा विभागाकडे जाईल. विद्यार्थिनीला पालकांसोबत समक्ष यावं लागेल. सेमिनार निवडीच्या शेवटच्या दिवसापर्यंत या. त्यानंतर जागा प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्याला देतात."

मी फोन ठेवला. "काय हो, घरी कुणी गुंड येतो का?" साहेबांनी हळूच विचारलं. तेव्हापासून ते माझ्याशी फार अदबीनं वागतात.

शेवटच्या दिवशीची पहिली बस धरून आम्ही दोघं निघालो. टिल्ली खिडकीशी बसली. बस बंद पडली तर, टायर फुटला तर, तिच्या शेजारची ती पुरती बंद न होणारी खिडकी निखळली तर, अशा सगळ्या शक्यता मी मनातल्या मनात उरकल्या. शेवटी एकच उरली. सगळं सुरळीत झालं तर? तर काही दिवसांनी ही बस मला पुन्हा धरावी लागणार होती, जाताना दोघं आणि परतताना एकटा. मी टिल्लीला विचारलं, "भूक लागली का?" ती नाही म्हणाली. पाण्याची बाटली मांडीवर घेऊन तिचं झाकण ती सारखं लावत होती आणि काढत होती.

विद्यापीठाचं दालन म्हणजे उंच छत, लांब रांगा आणि पालकांची कुजबुज. सगळ्यांच्या काखेत पाकिटं, आमची काख रिकामी. सुरक्षा विभागाच्या खिडकीत एक बाई होत्या. चष्मा साखळीनं गळ्यात, आणि चेहरा असा की त्यांच्यापुढं माझं नावही मला खोटं वाटायला लागलं. आमचं पाकीट त्यांच्या टेबलावरच होतं. मला दिसत होतं.

"पालक ना?" त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "'सदर संशयास्पद व्यक्ती आता या पत्त्यावर राहत नाही.' इथं सही करा, पाकीट घेऊन जा."

मी पेन उचललं. इतकं सोपं! एक सही आणि टिल्लीची जागा पक्की. पण हात चालेना. खोट्या सह्या शोधून काढण्याच्या जागेवर मी उभा जन्म काढला. शिवाय उद्या कुणी चौकशीला आलं आणि ती व्यक्ती त्याच पत्त्यावर पेपर वाचत बसलेली सापडली तर? सही करावी तर खोटेपणा, न करावी तर पोरीची जागा जाते.

"बाबा, सही करा ना," टिल्ली कुजबुजली. तिचा आवाज कापत होता. मी चमकून बघितलं. तिचा आवाज कापलेला मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

"बाई," मी म्हणालो, "ती व्यक्ती त्याच पत्त्यावर राहते."

"म्हणजे?"

"ती व्यक्ती मी आहे."

दालनातला पंखा एकाएकी मोठ्यानं फिरतोय असं वाटलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. आता सुरुवात केलीच होती, म्हणून मी पट्टी सोडली, बाही वर केली आणि सगळं सांगितलं. अनुभवी, चीर गेलेलं ओळखपत्र, मेहुणा, झडप, किल्ल्या, डाव्या हाताची सही. 'चोराच्या भूमिकेत शिरलो' इथं आल्यावर मागं कुणीतरी फिसकन हसलं. 'आ करा' वर तर अख्खी रांग हसायला लागली. एक गृहस्थ तर पाकीट खाली ठेवून हसत होते. मी इतकी वर्षं जी काय अब्रू सांभाळली होती ती त्या खिडकीपुढं सांडली. बाई हसल्या नाहीत. खिडकी सोडून बाहेर आल्या, माझा हात उजेडात नेऊन दात्यांचे व्रण नीट बघितले, आत गेल्या, आणि कागदावर लिहिलं, 'संशयाचं निरसन झालं.' मग पाकीट टिल्लीच्या हातात दिलं. "झडप काढून टाका," एवढंच मला म्हणाल्या.

टिल्लीनं पाकीट तिथंच फोडलं. ओळखपत्र निघालं, अखंड. क्रमांक निघाला. तिथल्याच एका यंत्रावर तिनं तो दाबला आणि 'अनोळखी माणसं' मध्ये उरलेली शेवटची जागा तिला मिळाली. गटाची पहिली भेट त्याच दुपारी होती, जिना चढून डावीकडच्या खोलीत.

खोलीपर्यंत आम्ही बरोबर गेलो. दार उघडं होतं. मोठं गोल टेबल, भोवती मुलंमुली, आणि एक खुर्ची रिकामी. टिल्ली उंबऱ्याशी थांबली. मला वाटलं पाणी हवं असेल.

"बाबा," ती म्हणाली, "आपण घरी जाऊ या."

"अगं?"

"मला नाही जमणार. मी आधीपासूनच घाबरलीये. तुम्ही एवढे घाबरत होता की मला घरात घाबरायला जागाच नव्हती. पाकीट परत गेलं ना, तेव्हा मी खोलीत जाऊन रडले, पण खरं सांगू? बरंही वाटलं होतं. चला ना बाबा. पुढच्या वर्षी बघू."

जे मला पहिल्या दिवसापासून हवं होतं ते ती स्वतःहून माझ्या हातात देत होती. मला फक्त 'चल' म्हणायचं होतं. कारणं तर माझ्याकडं कपाट भरून होती. परकं गाव, वसतिगृहाचे जिने, खिडक्या, अनोळखी माणसं. संध्याकाळच्या बसला जागा मिळाली असती. रात्रीचं जेवण तिघांनी मिळून केलं असतं.

मी आत बघितलं. टेबलाभोवतीची ती पोरं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हती. एक जण नखं खात होता. एक मुलगी रिकाम्या वहीचं पान उलटत होती, जणू आत काही लिहिलंय. दाव्यांच्या विभागात राहून माणूस इतकं तरी शिकतोच, भ्यालेला चेहरा मला लांबून कळतो.

"टिल्ले," मी म्हणालो, "आत बघ. एकही जण धड नाहीये."

तिनं बघितलं.

"तुला वाटतं, त्यांची तुला भीती वाटते. त्यांना तुझी वाटतेय. तू उंच आहेस."

"बाबा, विनोद नको."

"विनोद नाही. मलाही भीती वाटते. आत्तासुद्धा पाय लटपटतायत. तू घरी आलीस तर माझी भीती जाईल, तुझी नाही जाणार. जा तू."

हे मी बोललो यावर माझाच विश्वास बसेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मग पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, आणि आत गेली. कुणीतरी दार लावलं.

पालकांनी खाली थांबायचं, अशी पाटी होती. मी खाली गेलो. आवाराच्या कडेला एक जाड खांब होता, त्याच्या आड उभा राहिलो, कारण तिथून जिना दिसत होता आणि जिन्यावरून मी दिसत नव्हतो. तासभर माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. मधे एकदा जिन्यावरून कुणीतरी रडत खाली आलं, मी दोन पावलं पुढं धावलो, तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी पोर होतं. मग मी त्याच्यासाठीही थोडा घाबरलो.

शेवटी दार उघडल्याचा आवाज आला. घोळकाच्या घोळका जिना उतरला. टिल्ली मधे होती. नखं खाणारा मुलगा तिच्या डाव्या बाजूला, रिकामी वही उलटणारी मुलगी उजवीकडं. खाली आल्यावर ती थांबली आणि त्यांना काहीतरी सांगायला लागली. ऐकू येत नव्हतं. फक्त दिसत होतं. तिनं इकडं तिकडं चोरासारखं बघितलं, बाही वर केली, आणि उजवा हात हवेत, न दिसणाऱ्या पेटीत, कोपरापर्यंत घातला. मग तो ओढला, निघेना, आणि तोंडाचा एवढा मोठा आ केला. मुलं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. नखं खाणारा तर जिन्यावरच बसला. वहीवाली मुलगी टिल्लीच्या दंडाला धरून उभी होती, जशी फार दिवसांची मैत्रीण असावी.

माझी अब्रू आता तिसऱ्यांदा चालली होती, आणि माझी मुलगी त्या माणसांत रुळत होती. एकदा वाटलं, हाक मारावी. तोंड उघडलंही. पण कुठल्या नावानं मारणार? टिल्ली म्हणून मारली असती तर चारचौघांत तिची पंचाईत झाली असती.

त्यांचं हसू आवरेना, आणि त्यातच कुणीतरी तिला ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तिनं पुन्हा बाही वर केली. मी खांबाआड आणखी जरा सरकलो.